बुंडेसलिगाचे पंचांग

आपल्याकडे नव्या वर्षाचे भविष्य गुढीपाडव्याला कळते. गुरुजी पंचांग उघडतात, संवत्सराचे नाव सांगतात, यंदा पाऊस किती आढक, धान्य स्वस्त की महाग, राजा कोण आणि मंत्री कोण हे वाचून दाखवतात, आणि आपण कडुलिंबाचे पान चावत माना डोलावतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती रात्रभर ठेवलेल्या धान्यांकडे दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पावसापाण्याचे आणि पीकपाण्याचे भाकीत सांगतात, आणि वर्तमानपत्रेही ते छापतात. जर्मनीत येऊन राहिलेल्या मंडळींच्या एव्हाना लक्षात आले असेल की इथेही असा एक पंचांगवाचनाचा मोसम आहे. तो जुलै-ऑगस्टमध्ये येतो, आणि त्याचे पंचांग कोपऱ्यावरच्या किओस्कवर विकत मिळते. 'किकर' या क्रीडानियतकालिकाचा बुंडेसलिगा विशेषांक, म्हणजे झोंडरहेफ्ट, हे ते पंचांग!

त्यात प्रत्येक संघाचे खेळाडू, कोण आले, कोण गेले, प्रशिक्षक कोण, सामने कधी, सारे काही असते. शिवाय पुठ्ठ्याचा एक खाचा पाडलेला तक्ता मिळतो आणि संघांची छोटी छोटी बोधचिन्हे. याला म्हणतात श्टेकटाबेले. दर आठवड्याला निकाल लागले की चिन्हे उचलून योग्य त्या खाचेत बसवायची. पण खरी गंमत हंगाम सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात असते. एकही सामना झालेला नसतो, तक्ता कोरा असतो, आणि घराघरांत अठरा चिन्हे मनाप्रमाणे खोचली जातात. कोण पहिला, कोण शेवटचा! फुटबॉलचे मला फारसे वेड नाही, पण माणसे उद्याबद्दल काय गृहीत धरतात याचे मात्र आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठी हा विषय घेतला.

मी राहतो न्यूर्नबर्गजवळ. आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे गाव 'न्युरेंबर्ग खटल्यां'पुरते येते. इथल्या माणसांना विचाराल तर ते 'डेअर क्लुब' म्हणजे १. एफसी न्यूर्नबर्ग या संघाचे गाव आहे. योगायोग असा की ते 'किकर'चेही गाव आहे. ज्या शहरात भाकिताचे पंचांग छापून निघते, त्याच शहराच्या संघाने जर्मनीतली सर्वांत जास्त भाकिते खोटी पाडावीत, याला काय म्हणावे?

'किकर' सुरू केला वाल्थर बेन्झेमान यांनी, १९२० साली, कॉन्स्टान्झला. पुढे तो न्यूर्नबर्गला आला. बेन्झेमान बर्लिनच्या ज्यू घराण्यातले. हा खेळ जर्मनीत नुकताच येत होता तेव्हा त्यांनी गावोगावी क्लब उभे करायला मदत केली, परदेशी संघांशी सामने ठरवले. खेळामुळे देश एकमेकांच्या जवळ येतील अशी त्यांची श्रद्धा होती. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि या गृहस्थांना स्वित्झर्लंडला जावे लागले. १९३४ साली माँत्रो येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या थोडे आधी, १९३२ मध्ये, क्लबचे हंगेरियन ज्यू प्रशिक्षक येन्यो कोनराड यांच्यावर 'डेअर श्ट्युर्मर' या न्यूर्नबर्गच्याच द्वेषपत्राने गरळ ओकली होती, आणि तेही शहर सोडून गेले होते. पंचांगकर्त्याचे स्वतःचे भविष्य असे निघाले.

आता एक गोष्ट सांगतो, ती फुटबॉलची नाही, बेसबॉलची आहे. पण ती न्यूर्नबर्गमध्येच घडली आणि या विषयाचा गाभा तिच्यात आहे.

सप्टेंबर १९४५. युद्ध संपून चार महिने झाले होते. शहराचा जुना भाग जवळपास पूर्ण जमीनदोस्त होता. नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे जिथे भरत त्या आवारात आता अमेरिकन सैनिक बेसबॉल खेळत होते. युरोपातल्या अमेरिकन सैन्याची अजिंक्यपदाची लढत, जिला सैनिक कौतुकाने आपली 'वर्ल्ड सीरिज' म्हणत, इथे झाली. एका बाजूला ७१ व्या डिव्हिजनचा 'रेड सर्कलर्स' हा संघ. त्यात मेजर लीगमध्ये खेळलेले कितीतरी खेळाडू : सिनसिनाटीचा उंचापुरा गोलंदाज युअल ब्लॅकवेल, सेंट लुईसचा हॅरी वॉकर. (बेसबॉलच्या पिचरला मी गोलंदाजच म्हणणार, आपल्याला तेच सोयीचे!) दुसऱ्या बाजूला फ्रान्समधल्या पुरवठा विभागाचा 'वाझ ऑल स्टार्स' हा संघ. ब्रुकलिनचे ज्यू वकील सॅम नाहेम तो संघ चालवत होते. मेजर लीगचा अनुभव असलेले खेळाडू त्यांच्याकडे जेमतेम दोन, त्यातले एक ते स्वतः.

कागदावर ही लढत झाल्यातच जमा होती. पहिला सामना रेड सर्कलर्सनी ९–२ असा जिंकलाही.

पण नाहेम यांच्याकडे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते : लिऑन डे आणि विलर्ड ब्राउन. अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारे बंद होती, सैन्यातही पलटणी वेगळ्या असत. हे दोघे 'नीग्रो लीग' नावाच्या वेगळ्या स्पर्धांत खेळलेले. मेजर लीगच्या आकडेवारीत त्यांचे नावच नव्हते, कारण तिथे त्यांना कोणी खेळू दिले नव्हते. नाहेम यांनी त्यांना गोऱ्या खेळाडूंबरोबर एकाच संघात घेतले. दुसरा सामना लिऑन डे यांनी गोलंदाजी करून २–१ असा जिंकून दिला. शेवटचा पाचवा सामना पुन्हा न्यूर्नबर्गला झाला, पन्नास हजारांच्या आसपास सैनिकांसमोर, आणि तो जिंकून वाझ ऑल स्टार्स ३–२ ने अजिंक्य ठरले. जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरले ते त्यानंतर दोन वर्षांनी, १९४७ साली. डे यांची निवड बेसबॉलच्या सन्मान-दालनात झाली ती १९९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या अवघे काही दिवस आधी. ब्राउन यांची २००६ मध्ये, मरणोत्तर.

मला वाटते, भाकिते बहुधा अशीच फसतात. बेरीज बरोबर असते, पण बेरजेत कोणाला धरायचे हे आधीच ठरलेले असते.

असो. युद्धानंतर जर्मन लोकांनाही भाकितांचा नाद लागला, आणि तो सरकारी आशीर्वादाने. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत फुटबॉलचा टोटो सुरू झाला. कल्पना इंग्लंडची, तिथे 'फुटबॉल पूल्स' १९२० च्या दशकापासून होते. छापील कागदावर शनिवार-रविवारचे सामने असत. यजमान संघ जिंकणार असेल तर १, पाहुणा जिंकणार असेल तर २, बरोबरी होणार असेल तर शून्य. मटक्याच्या चिठ्ठीपेक्षा हे सभ्य, आणि त्यातला नफा बुजलेली मैदाने आणि पडलेली क्रीडागृहे पुन्हा उभी करण्याकडे वळवला गेला. १९५५ साली हॅम्बुर्गला ४९ पैकी सहा आकड्यांचा लोट्टो निघाला आणि टोटोची सद्दी हळूहळू ओसरली. लोट्टोला अक्कल लागत नाही हे त्याचे मोठे आकर्षण! टोटोवाला माणूस मात्र स्वतःला जुगारी समजत नसे, जाणकार समजे.

पण तेव्हा सगळ्या देशाची मिळून एक लीग नव्हती. प्रदेशवार पाच वेगवेगळ्या ओबरलिगा आणि शेवटी त्यांतल्या अव्वल संघांची अंतिम फेरी, असा कारभार. २८ जुलै १९६२ रोजी डॉर्टमुंडला जर्मन फुटबॉल संघटनेने बुंडेसलिगा काढायचे ठरवले. जागा सोळा, अर्ज आले शेहेचाळीस. कोणाला घ्यायचे? मागच्या बारा वर्षांच्या कामगिरीचे गुण मांडले, हिशेबवह्या तपासल्या, मैदाने पाहिली, आणि प्रदेशवार वाटणी केली : दक्षिणेला पाच, पश्चिमेला पाच, उत्तरेला तीन, नैऋत्येला दोन, बर्लिनला एक. म्हणजे पुढे कोण टिकेल याचे हे एक अधिकृत भाकीतच होते. हॅम्बुर्ग, कोलोन, डॉर्टमुंड, न्यूर्नबर्ग वगैरे मानकरी आत आले.

बाहेर राहिलेल्यांत एक नाव होते बायर्न म्युनिक.

होय, तेच! त्या वर्षी म्युनिकचा दुसरा संघ, १८६०, दक्षिणेत पहिला आला होता आणि एका शहरातून दोन संघ नको असा विचार झाला. बायर्नला वरच्या गटात यायला १९६५ उजाडले. उलट पहिल्याच झटक्यात ज्यांची निवड पक्की झाली त्यांत झारब्र्युकेनचा संघ होता, आणि तो पहिल्याच हंगामात शेवटचा येऊन खाली गेला. समितीने काही गडबड केली अशी कुजबुज तेव्हा झाली, आजही जुनी मंडळी करतात. माझ्या मते समितीने प्रामाणिकपणे मागचे बघितले, आणि मागचे बघणारा पुढचे बघत नाही एवढेच.

पहिला हंगाम २४ ऑगस्ट १९६३ रोजी सुरू झाला. अजिंक्य ठरला कोलोन, पण दुसरा कोण आला पाहा : डुइसबुर्गच्या माइडरिश भागातला एक क्लब, ज्याला कोणी हिशेबात धरले नव्हते. १९६५ साली पैशाच्या गैरव्यवहाराबद्दल बर्लिनच्या हेर्टाला काढून टाकले. पण बर्लिनचा एक संघ हवाच, राजकारण होते ते, म्हणून टास्मानिया बर्लिनला ऐनवेळी बोलावले. पहिला सामना त्यांनी ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर २–० जिंकला. बर्लिन नाचले! त्यानंतर अख्ख्या हंगामात त्यांनी आणखी एकच सामना जिंकला, १०८ गोल खाल्ले, आणि जानेवारीत एका सामन्याला ८२७ प्रेक्षक उरले. बुंडेसलिगातला तो नीचांक पुढे कोणालाच गाठता आला नाही.

आता आमच्या गावाकडे येतो. १९६८ साली न्यूर्नबर्गचा क्लब नवव्यांदा जर्मनीचा अजिंक्य संघ झाला. देशात इतकी अजिंक्यपदे दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्या हंगामात त्यांनी बायर्नला ७–३ असे धुतले, त्यात फ्रान्झ ब्रुंग्स यांचे पाच गोल. प्रशिक्षक होते व्हिएन्नाचे माक्स मेर्केल, कडक शिस्तीचे आणि तिखट जिभेचे. त्याआधी १९६६ मध्ये त्यांनी म्युनिकच्या १८६० लाही अजिंक्यपद मिळवून दिले होते. म्हणजे हातखंडा कारागीर. त्या ऑगस्टमध्ये श्टेकटाबेलेसारखा तक्ता कोणासमोर ठेवला असता तर क्लबचे चिन्ह कोणत्या खाचेत गेले असते हे सांगायला ज्योतिषी नको.

मेर्केल यांना वाटले, हा संघ म्हातारा होत चालला आहे. त्यांनी ब्रुंग्स यांना हेर्टाला जाऊ दिले, मधल्या फळीतला ऑगुस्ट श्टारेक बायर्नकडे गेला, आणि डझनभर नवे खेळाडू आणले. घडी विस्कटली. पराभवांची रांग लागली. मार्च १९६९ मध्ये मेर्केल गेले. शेवटच्या दिवशी क्लब कोलोनला गेला आणि ३–० असा हरला. गतविजेता संघ खालच्या गटात! बुंडेसलिगात असे तोवर कधी झाले नव्हते, आणि त्यानंतरही झालेले नाही.

त्या वर्षीचा अंतिम तक्ता मी काही वेळा निवांत बसून पाहिला आहे. दुसऱ्या आणि सतराव्या क्रमांकात अवघे नऊ गुणांचे अंतर होते. विजयाला तेव्हा दोन गुण मिळत, म्हणजे साडेचार सामन्यांचा फरक. दुसरा आला होता आखेनचा संघ, आणि तो पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, शेवटचा येऊन खाली गेला. आणि १९६९ चा अजिंक्य संघ कोण? बायर्न म्युनिक, सहा वर्षांपूर्वी दाराबाहेर ठेवलेला. बुंडेसलिगातले त्यांचे ते पहिले अजिंक्यपद. क्लबला परत वर यायला नऊ वर्षे लागली, आणि १९८७ साली बायर्नने दहावे अजिंक्यपद मिळवून क्लबचा विक्रमही मागे टाकला.

खाली जाणे म्हणजे नुसती नामुष्की नसते. दूरदर्शनचा पैसा आटतो, जाहिरातदार जातात, क्लबच्या कचेरीतली माणसे, मैदानाची देखभाल करणारे, यांच्या नोकऱ्या जातात. चांगले खेळाडू निघून जातात ते वेगळेच. म्हणून इथल्या माणसाला वरच्या खाचेपेक्षा खालच्या तीन खाचांची काळजी जास्त असते.

मी इथे आलो २००१ साली, श्र्योडर सरकारच्या ग्रीन कार्डवर. आपल्यापैकी बरेचजण तसेच आले. वीस हजार संगणकतज्ज्ञांची योजना, मुदत पाच वर्षे. या पाच वर्षांच्या आकड्यात आपल्याबद्दलचेही एक भाकीत होतेच की! नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनच्या निवडणुकीत तर भारतीय आणण्यापेक्षा मुले जन्माला घाला अशा अर्थाची घोषणाही गाजली. आमच्या विभागात दर ऑगस्टला टिपश्पील लागायचा, म्हणजे सामन्यांच्या निकालांच्या अंदाजांची कार्यालयीन स्पर्धा. अचूक निकालाला चार गुण, गोलांचा फरक बरोबर आला तर तीन, नुसता विजेता बरोबर आला तर दोन. शिवाय हंगामापूर्वीचे खास प्रश्न : अजिंक्य कोण, खाली कोण जाणार, कोणत्या प्रशिक्षकाची नोकरी आधी जाणार. पैज म्हणून पाच युरो. माझे जर्मन तेव्हा यथातथाच, पण टिपश्पीलमध्ये शब्द लागत नाहीत, आकडे पुरतात. सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी मला पहिल्यांदा कोणी आपणहून काही विचारले असेल तर ते "काय, किती गुण?" हेच.

तिथेच माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला २९ मे १९९९ ची गोष्ट सांगितली. आमच्याकडची माणसे ती घरातल्या मरणासारखी सांगतात. शेवटचा सामना उरला होता, क्लब बाराव्या क्रमांकावर होता, आणि खाली जायचे तर चार-पाच ठिकाणचे निकाल एकाच वेळी वाकडे लागायला हवे होते. ते लागले! क्लब घरच्या मैदानावर फ्रायबुर्गकडून २–१ हरला. तिकडे फ्रँकफुर्टने कायझर्सलाउटर्नला ५–१ हरवले, पाचवा गोल सामना संपता संपता. दोघांचे गुण सारखे, सदतीस. गोलफरकही सारखा, उणे दहा. फ्रँकफुर्टने हंगामात चार गोल जास्त केले होते, तेवढ्यावर क्लब खाली गेला. रेडिओवर न्यूर्नबर्गहून समालोचन करणाऱ्या ग्युंटर कोख यांचा त्या दिवशीचा आवाज अजून वर्धापनदिनाला ऐकवतात.

त्याच कायझर्सलाउटर्नने एक वर्ष आधी जे केले ते भाकितांच्या दुसऱ्या टोकाचे. १९९६ साली हा संघ खाली गेला, १९९७ ला वर आला, आणि वर येताच १९९८ ला अजिंक्य झाला. प्रशिक्षक ओट्टो रेहागेल, ज्यांना बायर्नने १९९६ मध्ये काढून टाकले होते. त्यांच्या संघाने हंगामाचा पहिलाच सामना म्युनिकला जाऊन बायर्नविरुद्ध १–० जिंकला. पुढे २००४ मध्ये याच गृहस्थांनी ग्रीसला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले, तेव्हा निदान जर्मन लोकांना तरी आश्चर्य वाटायला नको होते. पण वाटलेच.

आणि क्लबने? २६ मे २००७ रोजी बर्लिनला जादा वेळेत ३–२ असा जिंकून जर्मन चषक घरी आणला, तोही त्या वर्षीच्या अजिंक्य श्टुटगार्टला हरवून. सारे शहर रस्त्यावर आले होते. पुढच्या वर्षी, मे २००८ मध्ये, क्लब पुन्हा खालच्या गटात. माझ्या त्या सहकाऱ्याचा नियम मात्र ठरलेला होता. टिपश्पीलमध्ये क्लबचा पराभव तो कधीही लिहीत नसे. त्यामुळे दरवर्षी त्याचे कितीतरी गुण बुडत. विचारले तर म्हणायचा, हा अंदाज नाही, हे मत आहे.

अंदाजाचे शास्त्रही आता बरेच पुढे गेले आहे. म्युन्स्टर विद्यापीठातले प्राध्यापक आंद्रेआस हॉयर मूळचे भौतिक रसायनशास्त्राचे. रेणूंच्या हालचालींना लावायचे गणित त्यांनी बुंडेसलिगाच्या निकालांना लावले आणि २०१२ साली त्यावर पुस्तकही लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संघाची खरी ताकद हंगामभर फारशी बदलत नाही, ती गुणांपेक्षा गोलफरकात जास्त चांगली दिसते, आणि एकेका सामन्यात नशिबाचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळ मोठा असतो. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलून काही साधत नाही, हेही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आकडेवारीने दाखवले. पण ते कोणत्याही क्लबच्या अध्यक्षाने मनावर घेतल्याचे दिसत नाही! गोलफरकाची युक्ती अमेरिकेत बेसबॉलवाल्यांना आधीच सापडली होती. बिल जेम्स यांनी केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते याचे सूत्र मांडले. पण त्यांच्याकडे संघ हंगामात १६२ सामने खेळतो, तेवढ्यात नशीब इकडून तिकडून फिटते. बुंडेसलिगात सामने चौतीस. चौतीस नाणेफेकीत काय काय होऊ शकते ते घरी करून पाहावे.

ज्यांना गणिताचा कंटाळा त्यांच्यासाठी ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला पाउल ऑक्टोपस होताच. २०१० च्या विश्वचषकात आठपैकी आठ सामने त्याने बरोबर सांगितले. भेंडवळकरांनीही हेवा करावा असा निकाल.

त्यानंतरची काही वर्षे भाकितांना फार वाईट गेली. २०१३ पासून २०२३ पर्यंत सलग अकरा वेळा बायर्न अजिंक्य. टिपश्पीलमधल्या पहिल्या खास प्रश्नाला अर्थच राहिला नाही, आमच्याकडे तो काही वर्षे "दुसरा कोण?" असा बदलून घेतला होता. १९६३ पासून कधीही खाली न गेलेले हॅम्बुर्ग, ज्यांच्या मैदानात तो काळ मोजणारे घड्याळच लावले होते, ते २०१८ साली खाली गेले, ही त्यातल्या त्यात बातमी.

मग २०२४ साली लेव्हरकुसेन अजिंक्य झाले. बुंडेसलिगातले पहिलेच अजिंक्यपद, आणि चौतीसपैकी एकही सामना न हरता : अठ्ठावीस विजय, सहा बरोबऱ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये शाबी आलोन्सो यांनी हा संघ हाती घेतला तेव्हा तो तक्त्यात सतराव्या खाचेत होता. आमच्या टिपश्पीलमध्ये बावीस जण होते. पहिल्या प्रश्नाला लेव्हरकुसेन असे उत्तर त्यांतल्या एकानेच लिहिले होते. तो मूळचा लेव्हरकुसेनचा आहे आणि गेली सतरा वर्षे तेच लिहीत आला होता.